गळका नळ, शेवाळ आणि पर्यावरणाचा तास

शाळेच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीखाली एक नळ होता. तो सतत ठिबकायचा. ठिबकून ठिबकून खालची फरशी हिरवी झाली होती आणि भिंतीच्या पायथ्याशी बोटभर जाडीचं शेवाळ धरलं होतं. त्या ओलाव्यात गोगलगायी राहायच्या. मी त्या शाळेत काही महिने शिकवायला जात होते. मधल्या सुट्टीत चौथीतली तीन-चार मुलं हमखास तिथे उकिडवी बसलेली दिसायची. एकदा त्यातल्या एकीने मला हाताला धरून नेलं. "बाई, हिचे डोळे काडीच्या टोकावर आहेत. बोट लावलं की आत जातात. पण नुसती सावली पडली तरी जातात का, ते आम्ही बघतोय." एक जण वहीची सावली पाडत होता, दुसरा मनात आकडे मोजत होता. कधी डोळे आत जात, कधी जात नसत. ते असं का, यावर त्यांचं जोरात भांडण चाललं होतं.

पुढच्या आठवड्यात पर्यावरण दिन होता. पाहुणे येणार म्हणून आवार स्वच्छ झालं. शेवाळ खरवडून काढलं, फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकली. पुढच्या अंगणात रोपं लावली, फोटो निघाले, मुलांनी घोषणा दिल्या. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला विचारायला आली, "बाई, गोगलगायी कुठे गेल्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नळ मात्र तसाच ठिबकत होता.

या गोष्टीचं दुखणं माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. त्या शाळेतली माणसं वाईट नव्हती. रोपं लावणाऱ्यांनी ती मनापासून लावली. पण शाळेत जिवंत निसर्ग आणि त्याच्याशी जोडलेली मुलं आधीपासून होती, आणि ते कुणाला दिसलंच नाही. मुलांना निसर्गाशी जोडणं आणि शाळा पर्यावरणपूरक करणं ही आपण दोन वेगळी कामं समजतो. पहिल्यासाठी सहल काढतो, दुसऱ्यासाठी सौर पॅनेल बसवतो. माझं म्हणणं असं आहे की हे एकच काम आहे. मुलांनी आपल्या शाळेतलं पाणी, कचरा, झाडं, किडे रोज पाहायचे आणि त्यांनी जे पाहिलं त्याला शाळेने उत्तर द्यायचं. यातला दुसरा भाग गाळला तर पहिला फार दिवस टिकत नाही.

मुलांना पाहता येत नाही, त्यांना यात रस नाही, ही तक्रार मला पटत नाही. २००२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ४ ते ११ वयाच्या शाळकरी मुलांना दोन प्रकारची चित्रं दाखवली. काही तिथल्या नेहमीच्या वनस्पती-प्राण्यांची, काही पोकेमॉन या कार्टून-खेळातल्या काल्पनिक पात्रांची. चार वर्षांच्या मुलांना खरे जीव जास्त ओळखता येत होते. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉनची पात्रं सुमारे ७८ टक्के ओळखली आणि खरे जीव जेमतेम ५३ टक्के. हा निष्कर्ष वाचून बहुतेकांनी मुलांच्या नावाने उसासे टाकले. मला त्यात मुलांची ताकद दिसते. बारीकसारीक फरक लक्षात ठेवून शेकडो नावं आणि त्यांचे गुणधर्म तोंडपाठ करणारी ही मुलं आहेत. चार वर्षांचं मूल मुंगी पाहायला वाटेत थांबतं. त्याला ओढून पुढे नेणारे आपण असतो. अमेरिकन निसर्गअभ्यासक रॉबर्ट मायकल पाइल यांनी याला अनुभवाचं नामशेष होणं म्हटलं आहे. जवळपासचे साधे जीव दिसेनासे झाले की त्यांच्याशी येणारा संबंध संपतो, संबंध संपला की त्यांचं काही वाटेनासं होतं, आणि मग उरलेसुरलेही निमूटपणे जातात.

म्हणून दूरच्या जंगलाची वर्षातून एकदा काढलेली सहल मला पुरेशी वाटत नाही. सहल जरूर काढावी. पण ओळख रोजच्या भेटीने होते. एकच झाड वर्षभर पाहिलं तर त्याची पानं कधी गळतात, कोणत्या फांदीला पालवी आधी फुटते, मुंग्या कुठून चढतात, हे कळायला लागतं. शिवाय सहलीला पैसे लागतात, आणि ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना घराबाहेरचा निसर्ग तसाही मिळत असतो. ज्या मुलाच्या घराला अंगण नाही, त्याच्यासाठी शाळेचं आवार हीच त्याच्या वाट्याची जमीन आहे.

फ्रीडरिश फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाला हे पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी कळलं होतं. १८३७ मध्ये त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. त्यात खरोखरीची बाग होती. प्रत्येक मुलाचा एक छोटा वाफा असायचा आणि त्याला लागून सगळ्यांचे मिळून सामायिक वाफे. आपलं ते आणि सगळ्यांचं ते, दोन्ही एकाच मातीत शिकायचं. मराठीतल्या 'बालवाडी' या शब्दातही वाडी आहे. शब्द सगळीकडे पोचला, बाग वाटेत कुठेतरी राहून गेली.

"अभ्यासक्रम पुरा होत नाही, बाहेर कधी नेणार?" हा प्रश्न मी शिक्षकखोलीत असंख्य वेळा ऐकलाय आणि स्वतःही विचारलाय. तो खोटा नाही. पण त्यामागे असं गृहीत धरलेलं असतं की वर्गात घालवलेला वेळ तेवढा शिक्षणाचा आणि बाहेरचा वेळ त्यातून वजा. बार्सिलोनातल्या ३६ प्राथमिक शाळांमधल्या २,५९३ मुलांचा वर्षभर अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शाळेत आणि शाळेभोवती हिरवाई जास्त होती, त्यांची कार्यरत स्मृती, म्हणजे माहिती डोक्यात धरून ठेवून तिच्यावर काम करण्याची क्षमता, त्या वर्षात अधिक वाढली आणि लक्ष विचलित होण्याचं प्रमाण घटलं. यातलं बरंचसं श्रेय झाडांमुळे स्वच्छ राहिलेल्या हवेला असावं, असंही त्याच अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझू शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बारा शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा घराबाहेर, म्हणजे मोकळ्या उजेडात, ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं. बाकीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. शंभरातल्या नऊ मुलांचे डोळे फक्त उजेडात राहिल्याने वाचत असतील, तर ती ४० मिनिटं वाया गेली असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

फिनलंडमधला एक छोटा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. त्यात तीन ते पाच वर्षांची ७५ मुलं होती. त्यांच्या पाळणाघरांपैकी काहींच्या रेताड अंगणांत जंगलातली माती आणि हिरवळ आणून पसरली. मुलं तिथे रोज मातीत खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीचा तोल सांभाळणाऱ्या पेशींतही चांगला बदल दिसला. मुलं थोडी होती, महिनाही एकच होता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करायला नकोत. पण माती म्हणजे घाण, हे आपण मुलांना किती सहज शिकवतो, याचा विचार तरी नक्कीच करायला हवा.

आता आवाराकडे वळते. बहुतेक शाळांचं आवार फरशी, डांबर नाहीतर काँक्रीटने झाकलेलं असतं. चिखल होत नाही, झाडायला सोपं, सगळी मुलं एका नजरेत दिसतात. यातलं एकही कारण मुलांच्या गरजेतून आलेलं नाही. डांबर दिवसभर उन्हाची उष्णता पिऊन घेतं आणि संध्याकाळपर्यंत परत फेकत राहतं. पाऊस त्यावरून थेट गटारात जातो. झाड नुसती सावली देत नाही. त्याच्या पानांतून पाण्याची वाफ होते आणि त्यात भोवतालची उष्णता खर्च होते, म्हणून झाडाखालचा गारवा मांडवाखालच्या गारव्यापेक्षा वेगळा लागतो. पॅरिस शहराने २०१८ पासून शाळांची डांबरी आवारं उखडून तिथे झाडं, पाणी मुरवणारी जमीन, लाकडाचा भुसा आणि झाडोऱ्याचे आडोसे आणायला सुरुवात केली. रचना ठरवताना मुलांना विचारलं गेलं, आणि यातली काही आवारं सुट्टीच्या दिवशी आसपासच्या रहिवाशांसाठीही खुली झाली. तिथे मूळ चिंता उष्णतेच्या लाटांची होती. म्हणजे शहराचं एक दुखणं कमी करायला निघाले आणि मुलांना माती परत मिळाली.

प्रत्येक शाळेला हे परवडणार नाही. पण एक कोपरा न झाडणं प्रत्येकीला परवडतं. दोन हात लांब-रुंद जागा, तिथे पाला पडू द्यायचा, तण वाढू द्यायचं, फवारणी करायची नाही. आधी वाळलेला पाला, मग त्याखाली ओल, मग बुरशी, मग गांडूळ, मग त्याला शोधत येणारा पक्षी. हा क्रम पुस्तकात अन्नसाखळी या नावाने बाणांनी जोडून छापलेला असतो. त्या कोपऱ्यात तो मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि त्याला वेळ लागतो हेही मुलांना कळतं.

माझा मुख्य मुद्दा मात्र याच्या पुढे आहे. १९७७ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी शहरात युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने पर्यावरण शिक्षणावर आंतरसरकारी परिषद भरवली. तिने उद्दिष्टांचे पाच गट ठरवले. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. जवळजवळ अर्धशतक झालं. आपल्या शाळा अजून पहिल्या दोनांत अडकल्या आहेत. जाणिवेसाठी भित्तिपत्रकं, ज्ञानासाठी धडा आणि प्रश्नोत्तरं. सहभाग म्हणजे कुठल्या तरी खऱ्या निर्णयात खरा वाटा, आणि तो मुलांना द्यायला आपण धजावत नाही. याला अपवादही आहेत. १९९४ मध्ये युरोपात सुरू झालेल्या आणि आता अनेक देशांत पोचलेल्या इको-स्कूल्स उपक्रमाची पहिली पायरीच मुलांची समिती ही आहे आणि दुसरी पायरी शाळेच्या आवाराची पाहणी. आधी पाहा, मोजा, मग ठरवा. हा क्रम मला अगदी योग्य वाटतो.

त्या गळक्या नळाचंच घ्या. नळाखाली मोजपात्र ठेवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. समजा ५० मिलिलिटर पाणी जमलं. तासाला ३००, दिवसाला ७ लिटर २००, वर्षाला २,६०० लिटरच्या वर. चौथीच्या मुलांना जमेल असा गुणाकार आहे. पण तो पुस्तकातल्या काल्पनिक टाकीवर न करता ज्या नळाला तोंड लावून ते रोज पाणी पितात त्याच्यावर केला, की आकडा अंगावर येतो. पावसाचंही तसंच. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४०० चौरस मीटर छप्पर असेल आणि एखाद्या सरीत २० मिलिमीटर पाऊस झाला, तर ८,००० लिटर पाणी मुलांच्या डोक्यावरून वाहून गेलं. सरळ भिंतींचा डबा आणि मोजपट्टी एवढीच सामग्री त्याला पुरते. विजेसाठी तर एक गंमतीचा शोध लावता येतो. शाळा सुटताना मीटरवरचा आकडा लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरण्याआधी पुन्हा वाचायचा. रात्री शाळेत कुणीच नव्हतं, मग वीज कुणी वापरली? मुलं खोल्याखोल्यांतून शोध घेत फिरतात, आणि एखादा चालू राहिलेला संगणक किंवा पाणी थंड करणारं यंत्र सापडलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

मग ती मुलं आकडा घेऊन कार्यालयात येतात. इथे खरी परीक्षा शाळेची असते. "छान, शाब्बास" म्हणून कागद फलकावर लावला आणि नळ सहा महिने तसाच राहिला, तर मुलांनी काय शिकलं? मोजलं, सांगितलं, आणि काही झालं नाही. पाहण्याचा उपयोग नसतो, हा धडा त्यांना कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा पक्का लक्षात राहील. त्यानंतर त्यांना निसर्गाची आवड नाही, त्यांना कशाचंच काही वाटत नाही, असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही. उलट आठ दिवसांत नळ दुरुस्त झाला, पुन्हा मोजपात्र ठेवलं आणि ते कोरडं राहिलं, तर त्या मुलांना आयुष्यभर पुरेल असं काहीतरी मिळालं.

यासाठी शाळांनी एक गोष्ट लिखित स्वरूपात करायला हवी. मुलांच्या समितीने मांडलेल्या प्रत्येक निरीक्षणाला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं. होकार असेल तर काम, नकार असेल तर कारण. आणि देखभालीच्या खर्चातला एक छोटा वाटा त्यांच्या निर्णयावर सोडायचा. पैसा हाताळायला मिळाला की मुलं बेजबाबदार वागतील, अशी भीती मोठ्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. मुलं घासाघीस करतात, जुनं वापरता येईल का विचारतात, कारण उरलेल्या पैशांतून त्यांना आणखी काहीतरी करायचं असतं.

सौर पॅनेल, कमी वीज खाणारे दिवे, पाणी वाचवणारे नळ हे सगळं चांगलंच आहे आणि जमेल तिथे करावंच. पण छपरावर बसवलेल्या ज्या पॅनेलचा आकडा मुलांना कुठेच दिसत नाही, ते पॅनेल शाळेचं बिल कमी करतं, शिक्षणात काही भर घालत नाही. त्याचा मीटर वर्गाच्या वाटेवर लावा. ढग आल्यावर आकडा कसा खाली येतो ते मुलं आपणहून टिपतील. खताच्या खड्ड्याचं तसंच. ओलं आणि सुकं नीट प्रमाणात रचलेला, निदान मीटरभर उंच आणि रुंद ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो. दृष्टीला न दिसणाऱ्या जीवांनी केलेली ती ऊब लांब दांड्याच्या तापमापकाने मोजता येते. आमच्या इथे एका मुलाने तो आकडा वाचून मला गंभीरपणे विचारलं होतं, "बाई, याला ताप आलाय का?" यापेक्षा चांगली सुरुवात सूक्ष्मजीवांच्या धड्याला मिळणार नाही.

एका बाबतीत मात्र मी हात जोडून सांगेन. लहान मुलांना घाबरवू नका. वितळणाऱ्या हिमनद्या, जळणारी जंगलं, संपत चाललेल्या प्रजाती, सगळं खरं आहे. पण सात वर्षांच्या मुलाला फुलपाखराची ओळख व्हायच्या आधी ते नष्ट होणार असल्याची बातमी दिली, तर ते त्याच्याकडे पाठ फिरवतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी नव्वदच्या दशकात हाच इशारा दिला होता, की जिव्हाळ्याआधी संकट शिकवलं तर मुलांच्या मनात निसर्गाविषयी भयच बसतं. आणि पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी आता तुमची, हे वाक्य व्यासपीठावरून बोलणं तर आपण थांबवलंच पाहिजे. जे ओझं आपल्याला पेललं नाही, ते त्यांच्या दप्तरात कोंबण्याचा आपल्याला हक्क नाही. मोठ्या मुलांशी संकटावर मोकळेपणाने बोलावं, आकड्यांनिशी बोलावं, पण तेव्हाही हातात काहीतरी काम द्यावं.

सुरक्षिततेचा प्रश्न पालक विचारतात, तो रास्त आहे. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे शिक्षकाला माहीत हवं, प्रथमोपचाराची पेटी हाताशी हवी, कशाला हात लावायचा नाही हे आधी सांगायला हवं. एवढं केल्यावर खरचटलेला गुडघा सहन करण्याची तयारी घराने आणि शाळेने मिळून ठेवावी. शिक्षकांची अडचण वेगळी असते. "मला झाडांची नावं येत नाहीत" असं कितीतरी जण अवघडून सांगतात. मलाही येत नव्हती. माहीत नाही, चला शोधू, असं मुलांसमोर म्हणता आलं की अर्धं काम झालं. गुण मात्र यात आणू नका. ज्या दिवशी गोगलगायीच्या निरीक्षणाला दहापैकी सात मिळतील, त्या दिवसापासून मुलं गोगलगायीकडे न पाहता वहीकडे पाहतील.

आणि आता त्या नळाबद्दल, कारण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. नळ दुरुस्त झाला असता तर शेवाळ वाळलं असतं. गोगलगायी त्या गळतीवरच जगत होत्या. पाणी वाचवायचं की ओलावा ठेवायचा? कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर नाही, आणि पर्यावरणाचे खरे प्रश्न असेच असतात, दोन्ही बाजूंना काहीतरी जपण्यासारखं. बाटल्या भरताना सांडणारं पाणी त्या कोपऱ्याकडे वळवता आलं असतं. छपराच्या पन्हळीखाली एखादी कुंडी ठेवता आली असती. कदाचित तेवढं पुरलं नसतं. हा प्रश्न मी तेव्हाच त्या मुलांसमोर ठेवायला हवा होता. मला खात्री आहे, त्यांनी सगळ्यात आधी नळाखाली भांडं धरून गोगलगायीला रोज किती थेंब पुरतात, ते मोजायला घेतलं असतं.